वाकसापासून महाविद्यालयापर्यंत : आपल्या विद्यार्थ्यांसाठी आत्मपरीक्षणाचा एक इतिहास

शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षांचे निकाल लागले की आपल्या ज्ञातीतील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘पुढे काय?’ प्रश्न दोनच शब्दांचा. परंतु त्याचे उत्तर देताना वडील गोंधळतात, आई चिंतेत पडते आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, तो मुलगा अथवा ती मुलगी बहुधा गप्प बसून राहते. शेजारच्या मुलाने कोणती शाखा घेतली, कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर बंद झाली, कोणत्या पदवीला सध्या मागणी आहे, याची चर्चा रात्र रात्र चालते. ‘मला काय साधते आणि काय साधत नाही’ या विषयाला मात्र त्या चर्चेत क्वचितच जागा मिळते. तो राहून गेलेला विषय आपल्या कुटुंबांपुढे मांडावा, आणि तो कोरड्या उपदेशाने न मांडता आपल्या सुतार समाजाच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या वाटचालीच्या आधाराने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. आपल्या खापरपणजोबांना तो कधी पडलाच नाही. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक, बैलगाडी, घराची आढी आणि दारांच्या चौकटी हे सारे त्याच्या हातचे. वर्षभर गावाची औते दुरुस्त करावयाची आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे बलुते आणावयाचे, असा तो क्रम होता. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की बापाने धरलेल्या करवतीचे दुसरे टोक त्याच्या हाती येई. पुढे रंधा, पटाशी, किंकरे, आणि हात बसला म्हणजे वाकस. शाळा, परीक्षा आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच ओसरीवर होत असत.

या व्यवस्थेत एक निश्चिंती होती, हे नाकबूल करता येणार नाही. विद्या घरात होती, गुरू घरात होता आणि शिकलेल्या विद्येला गावात गिऱ्हाईक होते. तथापि त्या निश्चिंतीची किंमतही मोठी होती. ज्या मुलाचा हात लाकडावर बसत नसे, पण ज्याची बुद्धी हिशेबात वा औषधोपचारात चालली असती, त्याला दुसरे दार नव्हते. मुलीला तर हे पहिले दारही नव्हते. ज्या चौकटीने आपल्याला गावात बसावयास जागा दिली, तिनेच आपल्या कित्येक देशबांधवांना गावकुसाबाहेर ठेवले होते, हेही विसरता कामा नये. म्हणून ‘जुने तेच बरे होते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही चौकट सैल झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. १८५६ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी चालू झाली. रेल्वेच्या डब्यांची लाकडी अंगे, गिरण्यांची दुरुस्ती, गोदीतील कामे, वाढत्या शहरातील इमारती यांसाठी कुशल हात हवे होते. गावोगावचे सुतार मुंबईची वाट चालू लागले आणि खळ्यावरचे बलुते जाऊन त्या जागी महिन्याचा पगार आला.

त्याच सुमारास दुसरीही एक वाट तयार होत होती. १८४५ मध्ये मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. १८५४ मध्ये पुण्यात सरकारी बांधकाम खात्यासाठी दुय्यम दर्जाचे अधिकारी तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला; पुढे त्याचेच पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा उघडली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १८९० मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. गज्जर यांचे कलाभवन सुरू झाले. अवघ्या पंचेचाळीस वर्षांत विद्येची इतकी दारे उघडली की, ‘मी कोणत्या दाराने आत जावे?’ हा प्रश्न प्रथमच उत्पन्न झाला.

परंतु दारे अनेक असली तरी गर्दी एकाच दारापाशी झाली. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांपैकीच. त्यांच्या विद्वत्तेचे तेज समाजाने पाहिले. पण सामान्य कुटुंबाने त्यातून जो अर्थ घेतला तो एवढाच की, इंग्रजी शिकले म्हणजे सरकारी खुर्ची मिळते. मॅट्रिक होणे म्हणजे कारकून होण्याचा परवाना मिळणे, असे समीकरण रूढ झाले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या शिक्षणाच्या अव्यावहारिक स्वरूपावर टीका केली होती; ते कारकून आणि शाळामास्तर घडविते, स्वतंत्रपणे जगण्याची शक्ती देत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे निवेदन आज वाचले, तरी पुष्कळ ठिकाणी केवळ ‘कारकून’ हा शब्द बदलावा लागेल, असे वाटते.

या काळातील आपल्याच ज्ञातीचे एक घर विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. ते घर डॉ. सखाराम अर्जुन यांचे. सुताराच्या कुळात १८३९ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे तेथेच वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. देशी औषधांची त्यांनी तयार केलेली सूची १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी ते एक होत. झाडाचे लाकूड पारखणाऱ्या कुळातील मुलाने झाडाची मुळी, पान आणि गुण पारखण्याचे शास्त्र पत्करले. वडिलोपार्जित धंदा त्यांनी सोडला खरा. पण त्या धंद्याने दिलेली पारख सोडली, असे म्हणवत नाही.

त्यांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला. आपल्या ज्ञातीत त्या काळीही विधवाविवाहास मज्जाव नव्हता, ही अभिमानाची गोष्ट आहे. जयंतीबाईंची पहिल्या विवाहापासूनची कन्या म्हणजे रखमाबाई. १८६४ मध्ये जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. पुढे त्यांनी सासरी नांदावयास जाण्याचे नाकारले, १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला आणि तो खटला देशभर गाजला. १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियामध्ये पत्रे लिहिली. त्याच वर्षी पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. केसरीसारखे पत्रही त्यांच्या विरुद्ध होते. मार्च १८८७ मध्ये ‘नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास’ असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

ही हकीकत बहुतेकांना सामाजिक सुधारणेच्या इतिहासातून ठाऊक असते. येथे तिच्याकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. त्या एकाच घरात दोन तरुण जीव होते. रखमाबाईंना विद्येची भूक होती. शाळेचे दार लवकर बंद झाल्यावर त्या घरी मिळतील ती पुस्तके वाचून शिकत राहिल्या. उलट दादाजींना, त्यांच्या मनात नसताना, वयाच्या विसाव्या वर्षी लहान मुलांच्या इयत्तेत बसविण्याचा आग्रह झाला. त्यामागील हेतू वाईट नव्हता. जावयाने शिकावे, चांगला माणूस व्हावे, असेच वडीलधाऱ्यांना वाटत होते. पण झाले काय? जिला हवे होते तिला नाकारलेले शिक्षण तिने सारे अडथळे ओलांडून मिळविले, आणि ज्याच्यावर शिक्षण लादले तो त्याला कायमचा विटला. शिक्षणाविषयी आपल्या ज्ञातीच्या इतिहासाने दिलेला याहून स्पष्ट धडा दुसरा नसेल. उत्तम वस्तूदेखील घेणाऱ्याच्या मनाची चौकशी न करता दिली, तर ती त्याला ओझे होते.

खटला मिटल्यावर रखमाबाईंना प्रसिद्धीच्या जोरावर अनेक गोष्टी करता आल्या असत्या. त्यांनी वैद्यक निवडले. कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून परतल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांची व बालकांची सेवा केली. हिंदुस्थानात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. १९५५ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वय नव्वद वर्षांचे होते. त्यांची निवड टिकली, कारण ती कोणाच्या अनुकरणातून झालेली नव्हती. घरातील डॉक्टरांचा व्यवसाय त्यांनी जवळून पाहिला होता आणि पुरुष वैद्यापुढे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांचे दुःख त्यांना एक स्त्री म्हणून समजत होते.

दुसरे उदाहरण आपल्या ज्ञातीतले नाही. पण त्याचा आपल्या वाकसाशी जवळचा संबंध आला. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्याच्या ओढीने मुंबईच्या कलाशाळेत गेले. तेथे त्यांना कळून आले की, आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? त्यांनी हा दोष लपविला नाही, की त्यावर दैवाला बोल लावीत बसले नाहीत. रंग जमत नसले तरी रेषा जमते, हे त्यांनी ओळखले आणि यंत्रांच्या आरेखनाकडे ते वळले. पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविला. नोकरीत बढती नाकारली गेल्यावर बेळगावी येऊन त्यांनी सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका मनुष्याने इतक्या वेळा वाट बदलली. परंतु प्रत्येक वेळी ‘माझ्या हाताला काय येते?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर तो शोधीत होता.

लोखंडाने जमीन विटाळते, अशा समजुतीने शेतकरी प्रथम त्या नांगराला हात लावीनात. कालांतराने समजूत बदलली आणि गावच्या सुताराने घडविलेला बाभळीचा नांगर मागे पडू लागला. आपल्या कित्येक घरांचे बलुते त्यामुळे आटले. मात्र या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. बिडाची कोणतीही वस्तू ओतावयाची तर प्रथम तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून पोकळी करावयाची आणि त्या पोकळीत रस ओतावयाचा. बीड निवताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो, आणि वाळू न मोडता तो वर निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. हे काम नुसत्या हाताचे नव्हे, आणि नुसत्या गणिताचेही नव्हे. ज्या सुताराने आपल्या कौशल्याला थोड्या आरेखनाची आणि हिशेबाची जोड दिली, त्याला ओतशाळेत मानाची जागा मिळाली. ज्याने दिली नाही, त्याची वाकस कोनाड्यात पडली. म्हणजे काळाने आपला धंदा बुडविला, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. आपल्याजवळ जे आहे ते ओळखून त्याला नवे काय जोडावे, हे ज्यांना कळले ते तरले.

स्वातंत्र्यानंतर दारांची संख्या आणखी वाढली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना येऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९५८ मध्ये पवईस भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि ज्या पदवीसाठी पूर्वी मोजक्या जागा होत्या, ती गावोगावी मिळू लागली. १८८० मध्ये जे स्थान मॅट्रिकचे होते ते पुढे बी.ए.ला मिळाले, नंतर अभियांत्रिकीला, आणि अलीकडे संगणकशास्त्राला. प्रत्येक पिढीने आपल्या काळातील सर्वांत गजबजलेले दार हेच सर्वांत खात्रीचे मानले. पण दाराशी गर्दी झाली म्हणजे आतली जागा वाढते, असे थोडेच आहे? शिवाय शिक्षण पुरे होण्यास चार-सहा वर्षे लागतात; ज्या मागणीकडे पाहून मुलगा आत जातो, ती तो बाहेर पडेपर्यंत टिकेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. टिकते ती केवळ त्याची स्वतःची शक्ती. तेव्हा निवड तिच्याच आधाराने केली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत आणि त्यांची उत्तरे वहीत लिहून काढावीत. मनातल्या मनात दिलेले उत्तर आपण सोयीप्रमाणे बदलतो. लिहिलेले उत्तर आपल्याकडे टक लावून पाहते.

पहिला प्रश्न असा की, कोणी पाहत नसताना, परीक्षा नसताना, कोणते काम मी आपण होऊन करतो? गणित सोडविणे, यंत्र उघडून पाहणे, आजाऱ्याजवळ बसणे, लहानांना शिकविणे, चार माणसांचा तंटा मिटविणे, यांपैकी कशात वेळ गेल्याचे भान राहत नाही? दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे : कोणती गोष्ट मला प्रयत्न करूनही साधत नाही? लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते. आपल्याला काय दिसत नाही? ही कबुली लाजिरवाणी नाही. तीमुळे निम्मी वाट मोकळी होते. तिसरा प्रश्न : ही इच्छा माझी आहे, वडिलांची अपुरी राहिलेली आहे, की शेजाऱ्याकडून उसनी घेतलेली आहे? चौथा : या शिक्षणाचा खर्च कोण सोसणार? त्यासाठी धाकट्या बहिणीचे शिक्षण तर अडणार नाही ना? आणि पाचवा : माझ्या या विद्येने माझ्याखेरीज आणखी कोणाचे भले होईल? रखमाबाईंच्या निवडीला बळ आले ते या पाचव्या उत्तरामुळे.

एवढ्यावर थांबू नये. ज्या व्यवसायाची ओढ वाटते, तो करणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला भेटावे आणि त्याच्या कीर्तीची चौकशी न करता, ‘आपल्या कामातील सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता?’ असे विचारावे. वकिलाचे ताटकळणे, डॉक्टरची अपुरी झोप, अभियंत्याची उन्हातली पाहणी, शिक्षकाचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, संशोधकाचे फसलेले प्रयोग, हे ऐकूनही ज्याचे मन मागे हटत नाही, त्याची ओढ खरी समजावी. आणि एवढी काळजी घेऊनही वाट चुकली असे आढळले, तर ती वेळीच बदलण्यात कमीपणा नाही. चुकीच्या मापाने कापलेली फळी तशीच ठोकून बसविणारा कारागीर शहाणा म्हटला जात नाही.

पालकवर्गासही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपण पिढ्यान् पिढ्या लाकूड पारखणारी माणसे. बाभळीचे औत करावे, सागाची चौकट करावी, शिसवीचे कोरीवकाम करावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. औताला शिसव घालणारा आणि नक्षीला बाभूळ घेणारा, दोघेही आपल्यात अडाणी ठरतील. परंतु बाभळीला कोणी हलके लाकूड म्हणत नाही. लाकडाची नस पाहिल्याशिवाय जो रंधा चालवीत नाही, त्याने आपल्या मुलाची नस पाहिल्याशिवाय त्याचे आयुष्य तासावयास घ्यावे, हे आपल्या परंपरेला शोभत नाही. मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे; ज्या ज्ञातीत रखमाबाई जन्मल्या, तिच्यात ‘मुलीला एवढे कशाला?’ हा शब्द निघू नये.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण करतो, तो योग्यच आहे. पण त्या व्यासपीठावर केवळ टक्केवारी बसू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तम कारागीर होऊन निघालेला मुलगा, परिचारिका झालेली मुलगी, आपल्या वडिलांच्या कारखान्यात संगणकावर चालणारे कोरीव यंत्र बसविणारा तरुण, यांनाही तेथे खुर्ची असावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी केंद्र शासनाने अठरा पारंपरिक धंद्यांसाठी जी योजना सुरू केली, तीत सुतारकामाचा समावेश आहे; तिचा लाभ घेणे कमीपणाचे आहे, अशी भावना तरुणांत असेल तर ती दूर करण्याचे काम मंडळाचेच आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांच्या रकान्याखाली आणखी एक रकाना ठेवावा : ‘हा शिक्षणक्रम आपण का निवडला?’ त्या चार ओळी लिहिताना विद्यार्थी जो विचार करील, तो कदाचित शिष्यवृत्तीच्या रकमेहून अधिक मोलाचा ठरेल.

आपल्या पूर्वजांना निवड नव्हती. त्यांनी मिळालेले काम चोख केले. आपल्या मुलांना निवड आहे, आणि ती त्यांना मिळावी म्हणून मधल्या दोन-तीन पिढ्यांनी गाव सोडला, चाळीच्या एका खोलीत संसार केले, पोटाला चिमटा घेऊन फी भरली. इतक्या कष्टाने मिळालेली वस्तू डोळे मिटून वापरू नये. मापून, पारखून, आपल्या हाताने उघडलेल्या दारातून आपल्या प्रत्येक मुलामुलीने आत पाऊल टाकावे, हीच श्रीविश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना.